स्क्रूवाली एटीफाइव्ह

संपादकांनी मला असोद्याला धाडलं ते बहिणाबाई चौधरींच्या माहेरावर लिहायला. 1880 साली त्या इथे जन्मल्या, लग्न होऊन जळगावच्या चौधऱ्यांकडे गेल्या, आणि त्यांची गाणी पुस्तकात आली ती त्या गेल्यानंतर, 1952 साली. एवढं पाठ करून मी जळगावहून रेल्वेलाईन ओलांडून गावात आलो. दिवाळी उरकली होती, तुळशीचं लग्न तोंडावर होतं. कॅमेऱ्याची बॅटरी उतरली म्हणून चार्जिंगला लावायला एका फोटो स्टुडिओत शिरलो, आणि तिथून चार तास उठलोच नाही. माहेराचा लेख राहिला तो राहिलाच. संपादकांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही.

स्टुडिओ म्हणजे पुढे झेरॉक्स, लॅमिनेशन आणि पासपोर्ट फोटो. पडदा सारला की मागे दहा बाय बाराची खोली. मालकांना सगळे आप्पा म्हणतात, म्हणून मीही म्हणू लागलो. खोलीत सतरंजीवर चौघं बसलेले, मध्ये बॅगा उघड्या. कुणाच्या हातात फ्लॅश, कुणाच्या हातात बॅटरी ग्रिप. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी आसपासच्या गावांतले हे फोटोग्राफर एखाद्या दुपारी असे जमतात. ज्याला जे नको ते काढतो, ज्याला जे हवं ते चाचपतो. बैलबाजाराची आठवण यावी असाच सगळा मामला. दात बघतात तसं काचेत बघायचं, चालवून बघतात तसं शटर दाबून बघायचं, आणि पसंत पडलं तरी तोंड वाकडं करायचं.

त्या दिवशी सगळ्यांचा जीव अडकला होता एका काळ्या, मुठीएवढ्या लेन्सवर. निकॉनची 85 मिलिमीटर, एफ 1.8, डी. धंद्यातल्या भाषेत 'स्क्रूवाली एटीफाइव्ह'. वजन जेमतेम 380 ग्रॅम. विकणारा जळगावचा, घेऊ पाहणारा भादलीचा पोरगा. बाकीचे दोघं नुसतेच पंच.

पोर्ट्रेटची लेन्स म्हणजे काय, हे थोडक्यात उरकतो. 1840 साली व्हिएन्नात योझेफ पेट्झवाल नावाच्या गणितज्ञाने चेहऱ्यांसाठी म्हणून पहिली खास लेन्स हिशेबाने मांडली. तोवर फोटो काढवून घेणाऱ्याला मिनिटं मिनिटं पुतळ्यासारखं बसावं लागे. पेट्झवालच्या लेन्सने भरपूर उजेड आत घेतला आणि ती शिक्षा मिनिटाच्या आत आणली. तेव्हापासून या जातीच्या लेन्सकडून दोनच अपेक्षा. एक, तोंड उघडं मोठं असावं, म्हणजे कमी उजेडात काम भागतं आणि मागचं सगळं विरघळतं. दुसरी, फोटोग्राफरला चार पावलं मागे उभं राहू द्यावं. कारण अगदी जवळून काढला की नाक पुढे येतं आणि कान मागे पळतात. हा दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. लांब पल्ल्याची लेन्स फक्त लांब उभं राहायची सोय करून देते.

पण आप्पांचं म्हणणं, पुस्तकात हे लिहिणाऱ्याने असोद्यातली घरं पाहिलेली नाहीत.

"भाऊ, लेन्स कोन्ती घ्यायची हे काच ठरवत नाही, भित ठरवते," ते म्हणाले आणि पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकून दाखवलं. भादलीच्या पोराकडचा कॅमेरा लहान सेन्सरचा. त्यावर ही 85 लावली की डोकं आणि खांदे घ्यायला सात-साडेसात फूट पुरतात. उभी नवरी पायापासून डोक्यापर्यंत घ्यायची तर मात्र 22 फूट मागे जावं लागतं. हळदीच्या खोलीत 22 फूट म्हणजे भिंत फोडून शेजाऱ्याच्या गोठ्यात. 50 मिलिमीटरला तेच काम साधारण 13 फुटांत होतं, 35 ला नऊ फुटांत. म्हणून गावातल्या फोटोग्राफरची पहिली लेन्स ठरलेली असते, स्वस्तातली फिफ्टी. एटीफाइव्ह घ्यायची ती मांडवासाठी, ओट्यावरच्या उजेडासाठी, आणि हल्ली लग्नाआधी केळीच्या बागेत जाऊन जे फोटो काढतात त्यांच्यासाठी. केळीच्या बागेत मागे सरकायला जागा भरपूर. फक्त पाटात पाय जायला नको.

दुसरी अडचण सोन्याची. हे मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नसतं. ही लेन्स एफ 1.8 वर पूर्ण उघडी ठेवून सात फुटांवरून चेहरा काढला, तर दोन इंचांच्या आतबाहेर जे आहे तेवढंच धारदार येतं. नथ स्वच्छ येते, झुबे धूसर होतात. शहरातल्या नवरा-नवरीला ते आवडतं, त्याला ते बोके म्हणतात. जळगाव पडलं सराफ्याचं गाव. आप्पांना एका लग्नानंतर नवरीच्या मावशीने अल्बम परत आणून दिला होता. "येवढ्या तोळ्याचं सोनं केलं, अन् तुम्ही पुसून टाकलं?" तेव्हापासून आप्पांचा नियम, घरच्यांसाठी एफ 4, पोरीसाठी एफ 1.8. दोन्ही काढायचे आणि कुणाला कुठला दाखवायचा ते तोंड बघून ठरवायचं. पहिला फोटो पैसे मिळवून देतो, दुसरा पुढचं काम.

याच जिल्ह्यात एक माणूस होता ज्याला यातली कुठलीच अडचण नव्हती. चाळीसगावचे केकी मूस, 1912 ते 1989. शेफिल्डला कला शिकून आलेले. पुढे जवळजवळ पन्नास वर्षं स्टेशनाजवळच्या आपल्या घरातून बाहेर पडले ते मोजक्याच वेळा. टेबलावर वस्तू मांडून डोंगर, बर्फ, वादळ उभं करायचं, ही त्यांची टेबल-टॉप छायाचित्रणाची खासियत. माणसांचे चेहरेही त्यांनी काढले. ते घर आज संग्रहालय आहे. तिथे गेलो होतो तेव्हा मला एकच गोष्ट जाणवली होती, की ते दाराबाहेर गेले नाहीत म्हणून अंतर, उजेड आणि भिंत हे सगळं त्यांच्या मुठीत राहिलं. सतरंजीवरची ही माणसं बरोबर उलटी. दर दोन दिवसांनी नवी भिंत, नवा ट्यूबलाइट, नवा मंडपवाला आणि त्याचा जांभळा दिवा.

आता त्या स्क्रूकडे वळतो.

लेन्स उलटी करून आप्पांनी मला तिची पाठ दाखवली. चकचकीत धातूचं कडं, आणि त्या कड्यात एका बाजूला बारकी खाच. स्क्रूड्रायव्हर घालावा अशी. निकॉनने 1986 साली जो ऑटोफोकस कॅमेरा बाजारात आणला, त्यात फोकसची मोटर लेन्समध्ये न बसवता कॅमेऱ्याच्या पोटात बसवली. कॅमेऱ्यातून एक पातं बाहेर येतं, लेन्सच्या खाचेत बसतं आणि गिरणीच्या पट्ट्यासारखं फिरवून काचा मागेपुढे करतं. किर्रर्र असा आवाज होतो. मंगलाष्टकं चालू असताना तो शेवटच्या रांगेपर्यंत जातो, असं विकणाराच हसत म्हणाला.

व्यवस्था मजबूत, बिघडायला फारसं काही नाही. म्हणून तर वीस-वीस वर्षांच्या लेन्स अजून हातोहात फिरतात. पण कंपनीने 2006 पासून स्वस्त कॅमेऱ्यांतून ती मोटर काढून टाकली, कारण नव्या लेन्समध्ये मोटर आतच येऊ लागली. आणि 2018 पासून जे बिनआरशाचे कॅमेरे आले, त्यांना जुनी लेन्स जोडायचा कंपनीचा ॲडॅप्टर मिळतो, पण त्यातही पातं नाही. म्हणजे वरच्या मजल्यावर दार बंद आणि तळमजल्यावरही दार बंद. ही लेन्स आपसूक फोकस करते ती मधल्या मजल्यावर, डी 7000 नाहीतर डी 750 सारख्या अंगात मोटर असलेल्या कॅमेऱ्यांवर. जळगाववाला वरच्या मजल्यावर राहायला गेला, म्हणून विकत होता. भादलीचं पोरगं तळमजल्यावरचं. त्याच्या डी 5300 ला पातं नाही. हे त्याला ठाऊक होतं, तरी घ्यायचीच होती. का, तर याच मापाची नवी, आत मोटर असलेली लेन्स याच्या दुपटीच्या पुढे जाते.

त्याने लेन्स चढवली, शटर दाबलं. काही नाही. पडद्यावर तीन इंग्रजी अक्षरं लुकलुकू लागली, एफ, ई, ई.

"आप्पा, हा फी मागून रायला!"

खोलीत हशा. मला कळेना. या जुन्या लेन्सवर छिद्राचं कडं हाताने फिरवायचं असतं. नव्या कॅमेऱ्याला ते 16 या नारिंगी आकड्यावर कुलूपबंद लागतं, नाहीतर तो काम करायलाच नकार देतो आणि ही अक्षरं दाखवतो. कड्याचं बारकं कुलूप या लेन्सवर तुटलेलं होतं. हात लागला की कडं सरकायचं, आणि कॅमेरा पुन्हा फी मागायचा. किंमत इथे पहिल्यांदा घसरली. चौदा हजारांवरून तेरा.

मग तपासणी. आप्पांनी मोबाईलची बॅटरी लावली आणि उजेड तिरका धरून काचेत पाहिलं. सरळ पाहिलं तर सगळ्या लेन्स स्वच्छ दिसतात. तिरक्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की समजायचं, बुरशी. धंद्यात तिला फंगस म्हणतात आणि नाव हळू आवाजात घेतात. पावसाळ्यात बॅग कपाटात बंद राहिली की ती धरते. एकदा काचेवरचा लेप खाल्ला की पुसून जाते, डाग राहतो. आप्पा स्वतःच्या लेन्स घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवतात, सोबत सिलिका जेलच्या निळ्या पुड्या. दमट झाल्या की त्या गुलाबी होतात; मग वहिनी त्यांतले दाणे एका टाकाऊ कढईत मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत परततात. ती कढई मोरीजवळ वेगळी ठेवलेली मी पाहिली.

बुरशी नव्हती. पण खान्देशात पावसाळा चार महिने आणि उन्हाळा कसा, हे इथल्यांना सांगायला नको. 45 अंशांत बंद गाडीच्या मागच्या सीटवर बॅग राहिली की लेन्सच्या आतलं ग्रीस पातळ होतं आणि छिद्राच्या पात्यांवर उतरतं. आप्पांनी मागची दांडी बोटाने दाबून सोडली. नऊ पाती उघडली, मिटली. पुन्हा. पुन्हा. मी काही वेगळं पाहिलं नाही; आप्पांनी पाहिलं. तिसऱ्यांदा मिटताना पाती किंचित आळसावली होती. असं झालं की कॅमेरा एफ 8 मागतो, पाती वेळेत मिटत नाहीत आणि फोटो पांढरा पडतो. उघडून साफ करायला मुंबईला पाठवायची, येईल तेव्हा येईल. तोवर निम्मी लग्नं उरकलेली. बारा हजार.

इथून पुढे बोलणं लेन्सवरून घसरलं ते सगळ्यांच्या पोटात जे होतं त्यावर. कॅमेऱ्याची बॉडी आता दुचाकीसारखी झाली आहे, किलोमीटर विचारल्याशिवाय कुणी हात लावत नाही. इथे किलोमीटर म्हणजे शटर काउंट. चांगल्या बॉडीचं शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून पाहिलेलं असतं. काचेच्या कपाटात आता शोभेला ठेवलेल्या दोन डोळ्यांच्या याशिकात पूर्वी एका रोलवर 12 फोटो यायचे, माणूस श्वास धरून एक दाबायचा. आता एका लग्नात तीन हजार. हंगामात तीस लग्नं धरली तर नव्वद हजार. दोन हंगामांत बॉडी म्हातारी, आणि तिचे हप्ते अजून चालूच. विकायला काढावी तर घेणारा म्हणतो, आरशाचा कॅमेरा आता कोण घेतो. मी स्वतः अशीच एक बॉडी एका दुकानात बदलून घेतली होती. सांगितलेल्या आकड्यापेक्षा ती चाळीस हजार फोटो जास्त चाललेली निघाली. मी हे सांगितलं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. एकाने फक्त विचारलं, "बिल होतं का?" नव्हतं. बिल आणि खोका नसलेला माल स्वस्त मिळतो, पण तो चोरीचा निघाला तर दारात पोलीस येतात, हे सगळ्यांना माहीत आहे. आणि सगळ्यांनी कधी ना कधी तो घेतला आहे.

शिवाय मोबाईल. तो मागचं धूसर करून देतो, तेही फुकट. नवरीच्या केसांच्या कडेला गडबडतो, झुबा अर्धा खातो, पण ते पाहायला मोठी प्रिंट काढावी लागते आणि प्रिंट आता काढतो कोण. यावर आप्पा काहीच बोलले नाहीत. ते पुढच्या दुकानात जाऊन एकाचं आधार कार्ड लॅमिनेट करून आले.

शेवटी पोराने लेन्स उन्हात तपासायची म्हटली. समोरच्या ओट्यावर आप्पांची आई लसूण सोलत बसली होती. पोरगं सात-आठ फुटांवर उकिडवं बसलं. आपसूक फोकस नाही, तेव्हा कडं हाताने फिरवायचं. डोळ्याशी लावल्यावर आत खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागला की दाबायचं. ठिपका लागायचा, म्हातारी लसणाकडे वाकायची, ठिपका जायचा. तो पुढे वाकून तिचा पाठलाग करत होता. एकदा जुळलं. त्याने दाबलं, आणि बोट कड्याला लागून पुन्हा फी.

"झाला का रे फोटो?" आजीने मान वर करून विचारलं.

आप्पा आतून लॅमिनेशनच्या टेबलावरची चिकटपट्टी घेऊन आले. नखाने तुकडा कापला, कडं 16 वर आणलं आणि कुलपाच्या जागी पट्टी गच्च दाबून बसवली. साडेअकरा हजार ठरले, आणि पोराच्या शेतातली भरिताची वांगी, पिशवीभर. जळगाववाला म्हणाला, पिशवी मोठी आण.

पोरगं पुन्हा ओट्यासमोर उकिडवं बसलं. "आजी, आता हलू नको बरं."

"मी कुठी हालते," आजी म्हणाली, आणि पुढची पाकळी उचलायला वाकली.