मंगळवार गेला कुठे?

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जेएफके. या दोन विमानतळांमधलं अंतर सुमारे १५,३५० किलोमीटर. मध्ये कुठंही न टेकता साडेअठरा-एकोणीस तास उडायचं. अंतराच्या हिशोबात सध्या जगातली सर्वांत लांब नियमित विमानसेवा हीच.

आता घरातल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो चीन, मंगोलिया, सैबेरिया करत चक्क उत्तर ध्रुवाला घासून जातो! सर्वांत जवळची वाट तीच. पण वैमानिक सहसा तिच्या नादी लागत नाहीत. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचे जोरकस वारे वाहतात. वारा पाठीशी असेल तर वाट लांबली तरी वेळ आणि इंधन वाचतं. मुंबईहून लंडनला जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो, तोही यांच्याच कृपेनं.

म्हणून सिंगापूरहून निघालेलं विमान बहुधा पॅसिफिक ओलांडतं आणि परतताना अनेकदा अटलांटिक, युरोप करत येतं. जाताना पूर्वेला, येतानाही पूर्वेलाच! रिटर्न तिकिटावर पृथ्वीप्रदक्षिणा पदरात. कार्तिकेयाला मोर दामटावा लागला होता, इथे पाय पसरून सिनेमे बघायचे.

खरी गंमत कॅलेंडरची. सोमवारी रात्री साडेअकराच्या सुमारास सिंगापूर सोडलं, की मंगळवारी भल्या पहाटे न्यूयॉर्क. घड्याळात जेमतेम सहा-सात तास सरलेले. पण तेवढ्यात पॅसिफिकवर एक अख्खा दिवस उगवून मावळलेला असतो. परतीला उलटं. सोमवारी रात्री न्यूयॉर्क सोडा, सिंगापूरला उतराल तेव्हा बुधवारची पहाट. मंगळवार पूर्ण हवेतच गेला. ज्यांचा मंगळवारचा उपास असतो त्यांनी तो सोडायचा कधी, हे एखाद्या पंचांगकर्त्यालाच विचारायला हवं.

विमान एअरबस ए-३५०-९०० यूएलआर. पोटात १,६५,००० लिटरपर्यंत इंधन, म्हणजे साधारण १३० टन. विमानाचं उड्डाणावेळचं कमाल वजन २८० टन, त्यातलं जवळजवळ निम्मं इंधनच! त्यातलंही बरंचसं उरलेलं इंधन वाहून नेण्यातच खर्ची पडतं. मग माणसं कमी: फक्त १६१ आसनं. साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. गरिबानं मध्ये एखादा थांबा घ्यावा.

ही सेवा चालवणाऱ्या कंपनीनंच २००४ मध्ये सिंगापूर ते न्यूयॉर्कलगतचं न्यूअर्क अशी थेट सेवा सुरू केली होती. विमान चार इंजिनांचं, इंधन पिणारं. २०१३ मध्ये ती गुंडाळावी लागली. २०१८ मध्ये दोन इंजिनांवर पुन्हा जुळवलं.

हा विक्रमही फार टिकेल असं दिसत नाही. ऑस्ट्रेलियाची क्वांटास कंपनी सिडनी–लंडन थेट उडायच्या तयारीत आहे: सुमारे १७,००० किलोमीटर, २२ तासांपर्यंत. या मोहिमेचं नाव ‘प्रोजेक्ट सनराइज’. ते आलंय दुसऱ्या महायुद्धातून. १९४३ पासून क्वांटासची कॅटलिना विमानं पर्थहून सिलोनला जात, रेडिओ बंद ठेवून, ताऱ्यांच्या आधारानं. प्रवासी जास्तीत जास्त तीन, वेळ २७ ते ३३ तास. वाटेत सूर्योदय दोनदा दिसे. उतरल्यावर प्रवाशाच्या हाती प्रमाणपत्र पडे: ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चं सभासदत्व.