वखारीतल्या गप्पा

मंडळी, घराच्या चौकटींसाठी सागवान पाहायला तुमच्यापैकी कुणी नागपूरच्या लकडगंजात गेलं असेल. तिथल्या वखारींत आणि आरामशिनींवर कच्छहून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांतली माणसं भेटतात. गिऱ्हाइकाशी ती हिंदी-मराठी बोलतात, पण आपसात कच्छी. ही बोली गुजरातीपेक्षा सिंधीला अधिक जवळची. लिहायची झाली तर बहुधा गुजराती लिपीत लिहितात.

आपल्याकडच्या शाळेत ती कुणी शिकवत नाही. मग टिकली कशी? थट्टामस्करीनं, बरं का! चहा पिता पिता कुणाची फिरकी घ्यायची, कुणाच्या मुलाची सोयरीक कुठं जमली ते काढून घ्यायचं, आणि गावाकडं पाऊस झाला का, हे तर विचारायचंच. कोरडा मुलूख तो! कच्छी नववर्षसुद्धा ऐन पावसाच्या तोंडावर, आषाढ शुद्ध द्वितीयेला येतं.

मात्र मुलं घरातही दुसऱ्याच भाषेत उत्तर देऊ लागली, की एकदोन पिढ्यांत बोली सरते. गुरुजी, तुमच्या वर्गात गोंडी किंवा झाडीबोली बोलणारी मुलं असतील. त्यांच्या बोलण्याला हसू नका. उलट, घरी काय गंमत झाली ते त्यांना त्यांच्याच बोलीत सांगू द्या, आणि मग सारे मिळून हसा.