‘दे की’मधला आदर

देवणी तालुका लातूर जिल्ह्याच्या पूर्वेला. पलीकडे बीदरचा मुलूख लागतो. इथल्या पोरांच्या कानांवर मराठीबरोबर कन्नड आणि दखनीही पडते. पालकांना घोर एकच: पोरगं गावठी बोललं की उद्धट होणार.

हा समजच चुकीचा. ‘काय करायलास?’ हे रूप पुस्तकात नसेल, पण समोर मोठं माणूस असलं की तेच ‘काय करायलात?’ होतं. आदर क्रियापदात असतो, तो बोलीतही तेवढाच. ‘दे’ला ‘की’ जोडला की हुकमाची विनंती होते. कन्नडच्या या पट्ट्यात तेच काम ‘री’ करतो: ‘बर्री’ म्हणजे ‘या’.

एकेरी म्हणजे अनादर, हाही गैरसमजच. मराठी घरांत आईला सर्रास ‘तू’ म्हणतात, आणि वारकरी तर विठोबालाही.

इंग्रजी शाळेत ‘प्लीज, थँक्यू’ पाठ झालं की पोरगं विनम्र होतं, असंही मानतात. अमेरिकेत ग्लीसन आणि वाइनट्रॉब यांनी 1976 साली हॅलोविनला दारोदार खाऊ मागणाऱ्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही ‘थँक्यू म्हण’ असं आईबापांना आठवण करून द्यावंच लागत होतं. आपल्याकडे निघताना ‘जातो’ म्हणणाऱ्या लेकराला आजी ‘येतो म्हण’ असं टोकते, तसंच.

मग शाळेत आदराच्या भाषेचा विषय ठेवला की काम झालं? जावा बेटावर तो ठेवलेला आहे. जावानीजमध्ये ‘जेवणं’साठी बरोबरीच्यांत ‘माङान’, अदबीनं स्वतःबद्दल ‘नेडा’, थोरांबद्दल ‘डाहार’. तरी चुकू या भीतीनं अनेक तरुण मोठ्यांशी सरळ इंडोनेशियनच बोलतात. घरात जे वापरात नाही, ते तासाला घोकून कितीसं टिकणार?

आपल्या घरांत ही शिकवण नकळत चालते. धाकटं बोलायला लागण्याआधीच आई चार वर्षांच्या थोरल्याला ‘दादा’ म्हणू लागते: ‘दादा, इकडं ये, बाळाला खेळणं दे की.’ धाकटं ते ऐकतं आणि ‘दादा’च म्हणतं, नावानं हाक मारणं त्याला सुचतच नाही. थोरलाही त्या हाकेनं जरा ताठ होतो, ही वरकमाई.

2020चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरची किंवा मातृभाषा माध्यम ठेवा म्हणतं. मग अंगणवाडीतही ‘माय, पाणी दे की’ म्हणणाऱ्या पोराला ‘नीट बोल’ म्हणून दटावण्यापेक्षा ‘ताई, पाणी द्या की’ एवढंच त्याच्या कानी घालावं. ‘की’ त्यानं घरूनच आणलाय.