पंख असूनही न उडणारा शुतुरमुर्ग

उर्दूच्या तासाला 'शुतुरमुर्ग' हा शब्द आला की आम्ही तो फळ्यावर फोडून दाखवतो. शुतुर म्हणजे उंट आणि मुर्ग म्हणजे पक्षी. मराठीच्या तासाला तोच शहामृग होतो. तास कोणताही असो, मुलांचा प्रश्न ठरलेला, "पंख आहेत, मग उडत का नाही?"

याचे अर्धे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातच आहे. कोंबडी साफ करताना छातीच्या मधोमध होडीच्या तळासारखे एक उभे, पातळ हाड हाताला लागते. उडण्याचे मोठे स्नायू दोन्ही बाजूंनी याच हाडाला धरून असतात. छातीचे मांस म्हणजे हेच स्नायू. कोंबडी घाबरली की फडफडून कुंपणावर चढते, तेवढेच तिचे उडणे. म्हणून तिची छाती पांढरट. कबुतर दूरवर उडते. सतत राबणाऱ्या स्नायूला प्राणवायू धरून ठेवणारे लाल द्रव्य जास्त लागते, म्हणून त्याची छाती गडद लाल. कोंबडीची तंगडी छातीपेक्षा काळपट का असते, हेही आता घरातल्या मुलांना विचारून पाहा.

शहामृगाच्या छातीला ते उभे हाडच नाही. तेथे सगळे तराफ्यासारखे सपाट. पिसांचेही तसेच. उडणाऱ्या पक्ष्याच्या पिसातील तंतू बारीक आकड्यांनी एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे पंख हवा अडवतो. शहामृगाचे पीस मोकळे आणि झुपकेदार. शिवाय वजन शंभर किलोच्या वर! आपला माळढोक उडणाऱ्यांत भारी समजला जातो, पण तोही पंधरा किलोच्या आसपासच.

त्याची सारी ताकद पायांत आहे. प्रत्येक पायाला दोनच बोटे, आणि वेग तासाला सुमारे ७० किलोमीटर. पंख वळताना तोल सांभाळायला आणि पिलांवर सावली धरायला कामी येतात. (वाळूत डोके खुपसण्याची गोष्ट खोटी. जमिनीवरच्या घरट्यातली अंडी उलटवायला तो मान खाली घालतो, एवढेच.)

हा पक्षी आपल्याला अगदी परका वाटतो. पण जळगाव जिल्ह्यातील पाटणे येथे उत्खननात त्याच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले आहेत. त्यांतील एकावर माणसाने रेषा कोरल्या आहेत, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वी. येथून तो केव्हाच गेला. अरबस्तान आणि सीरियाच्या वाळवंटात मात्र आपल्या आजोबांच्या काळापर्यंत तो धावत होता. घोडेस्वारांना तो पुष्कळदा पुरून उरे. मग मोटारी आल्या, लांब पल्ल्याच्या बंदुका आल्या, आणि विसाव्या शतकातच तो अरबी शहामृग जगातून नाहीसा झाला.

आज सौदी अरबस्तानात महाजत अस-सैद या राखीव वाळवंटात आफ्रिकेतून आणलेले त्याचे भाऊबंद सोडले आहेत. ते धावतात, पण कुंपणाच्या आत.