मनाचा ताण, हृदय आणि स्त्रीचे बीजकोश



दिवाळी सरली म्हणजे पाथर्डीकडील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. डोक्यावर मुकादमाची उचल. एक खाडा पडला कीं दंड. अशा स्थितींत मासिक पाळीचा त्रास कोणाला परवडणार? बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं सरकारनें नेमलेल्या समितीच्या पाहणींत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींची ‘पिशवी’, म्हणजे गर्भाशय, काढलेली आढळली. कांहीं वेळां पिशवीबरोबर बीजकोशहि काढले जातात. आणि तेथें हा प्रश्न हृदयाचाहि होतो.

तो कसा, तें पाहूं. मनाला धसका बसला कीं मेंदू मज्जातंतूंकरवीं हृदयाला इशारा देतो. मूत्रपिंडांवरील ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात. नाडी धावूं लागते, रक्तवाहिन्या आकसतात, रक्ताचा दाब चढतो. बीजकोशांतून स्रवणारा इस्ट्रोजेन हा अंतःस्राव अशा वेळीं लगामाचें काम करतो. रक्तवाहिनीच्या आंतील अस्तराकडून तो नायट्रिक ऑक्साइड अधिक तयार करवितो व त्यामुळें वाहिनी सैल राहते. समवयस्क पुरुषाचा किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचा रक्तदाब मानसिक ताणानें जितका चढतो, तितका पाळी चालू असलेल्या स्त्रीचा सामान्यतः चढत नाहीं.

जपानी वैद्यांनीं १९९० सालीं ‘ताकोत्सुबो’ नांवाच्या विकाराचें वर्णन केलें. तीव्र शोकानें वा भीतीनें हृदयाचा डावा कप्पा एकाएकीं फुगून दुबळा होतो. हा विकार मुख्यत्वें पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

मग सर्वांनाच इस्ट्रोजेनच्या गोळ्या द्याव्या काय? तसें नाहीं. अमेरिकेंतील मोठ्या चाचणींत पाळी गेलेल्या स्त्रियांना इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन यांच्या संयुक्त गोळ्या दिल्या, तेव्हां हृदयविकार घटण्याऐवजीं वाढला, व २००२ सालीं ती चाचणी थांबवावी लागली. अकालीं बीजकोश गेलेल्या स्त्रीची गोष्ट मात्र निराळी. तिला असा उपचार द्यावा कीं नाहीं, हें डॉक्टरांनीं तपासून ठरवावयाचें असतें.

पाळी साधारणतः पंचेचाळिशीनंतर आपोआप जाते. तिशींतच बीजकोश काढले, तर लगाम सुटतो आणि उचलीची चिंता मात्र तशीच राहते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं प्रत्येक स्त्रीनें दोन प्रश्न अवश्य विचारावे: ही खरोखर आवश्यक आहे काय? आणि बीजकोश राखतां येतील काय? ज्यांचे आधींच काढले गेले आहेत, त्यांनीं रक्तदाब नियमानें तपासून घ्यावा.