रोल गेला, मोबाईल आला. पण घरचे फोटो टिकणार कसे?

पूर्वी गावात लग्न निघालं की तालुक्याहून फोटोग्राफर यायचा. एका रोलमध्ये ३६ फोटो. रोल, धुलाई, प्रिंट, सगळ्याला पैसे पडायचे, म्हणून तो मोजूनमापून बटण दाबायचा. आता एका हळदीतच मोबाईलमध्ये शेकडो फोटो निघतात. आणि मोबाईल विहिरीत पडला की सगळे एकदम जातात.

पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीतच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरने बनवला. वजन साडेतीन किलोच्या वर, अन् एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. पुढे डिजिटलमुळेच रोलचा धंदा बसला आणि २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला.

डिजिटलचा फायदा मोठा आहे. फोटो लगेच दिसतो, बिघडला तर पुन्हा काढता येतो. ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच पिकाचा फोटो चढवतो. पण रोलच्या काळात तीन गोष्टी आपोआप व्हायच्या: फोटो निवडून काढला जायचा, कागदावर छापला जायचा आणि निगेटिव्हच्या रूपात जादा प्रत राहायची. आता या तिन्ही गोष्टी आपल्यालाच कराव्या लागतात.

निवड : कार्यक्रम झाला की आठवडाभरात चांगले ३६ फोटो वेगळे काढा. बाकीचे ठेवा, नाहीतर पुसा.

छपाई : घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो आधी छापून घ्या. मागे पेन्सिलीने नाव, गाव, साल लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

जादा प्रत : मूळ फोटो दोन ठिकाणी ठेवा. एक प्रत पेनड्राइव्हवर, दुसरी गूगल ड्राइव्हवर किंवा शहरातल्या नातेवाइकाच्या कॉम्प्युटरवर. फक्त पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका, तोही बिघडतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो, मोठा छापला की फाटल्यासारखा दिसतो. छापायचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

जुन्या निगेटिव्ह कचरा समजून जाळू नका. कडेला धरून उचला, कोरड्या डब्यात ठेवा. स्टुडिओत स्कॅन करून मिळाल्या तर हरवलेला फोटोही परत छापता येतो. पावसाळ्यात ओल लागून फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तो सोलून निघतो. काचेवरूनच, उजेडाची तिरीप टाळून, मोबाईलने त्याचा फोटो घ्या.

आणि एक काम आजच करण्यासारखं आहे. जुन्या फोटोत कोण कोण आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असतं. त्यांना विचारून नावं लिहून ठेवा. फोटो नंतरही स्कॅन करता येईल, नावं मात्र त्यांच्याबरोबरच जातील.