जुना डिजिटल कॅमेरा घेताना : फाइव्ह-डी की सेव्हन-डी?

पूर्वी गिऱ्हाईक दुकानात येई, माल हातात घेऊन पाही आणि मग भाव विचारी. आता गिऱ्हाईक आधी फोटो पाहते. शाल असो, चप्पल असो, तांब्याचे भांडे असो की मिरजेची सतार असो, परगावच्या खरेदीदाराला मालाची पहिली ओळख फोटोतूनच होते. दुसरीकडे आपल्याकडील अनेक होतकरू तरुण लग्नसमारंभाचे फोटो काढण्याच्या धंद्यात उतरत आहेत. या दोघांनाही कॅमेरा लागतो. नवा चांगला कॅमेरा लेन्ससह घ्यायचा तर खर्च सहज लाखाच्या पुढे जातो, म्हणून पाय आपोआप जुन्या मालाच्या बाजाराकडे वळतात.

या बाजारात कॅनन कंपनीची दोन नावे हमखास पुढे येतात. एक ‘ईओएस ५डी मार्क २’ आणि दुसरे ‘ईओएस ७डी’. पहिला २००८ साली जाहीर झाला, दुसरा २००९ साली. सोयीसाठी या लेखात पहिल्याला फाइव्ह-डी आणि दुसऱ्याला सेव्हन-डी म्हणू. नवे असताना अमेरिकेत नुसत्या बॉडीची जाहीर किंमत फाइव्ह-डीची २,६९९ डॉलर, तर सेव्हन-डीची १,६९९ डॉलर होती. म्हणजे बरोबर एक हजार डॉलरचा फरक. आज दोन्हींचे उत्पादन बंद आहे आणि दोन्ही मूळ किमतीच्या थोड्याशा हिश्शात मिळतात. त्यामुळे ‘महाग तो चांगला’ एवढ्याच हिशेबाने कोणी फाइव्ह-डी उचलतो, तर ‘नंतर आला तो चांगला’ म्हणून कोणी सेव्हन-डी घेतो. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. हे दोन कॅमेरे वेगवेगळ्या कामांसाठी बनवलेले आहेत.

साम्य काय, फरक काय?

आधी साम्य पाहू. दोन्हींना एकच बॅटरी चालते, एलपी-ई६. ही बॅटरी कॅननच्या पुढच्या अनेक मॉडेल्समध्येही वापरली गेल्यामुळे ती अजून सहज मिळते. दोघांनाही जाड कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लागते. वजनही जवळपास सारखे, आठशे ग्रॅमच्या किंचित वर. दोन्हींचा शटर दीड लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेला आहे.

आता फरक. कॅमेऱ्यात जिथे पूर्वी फिल्म असे, तिथे आता प्रकाश टिपणारी चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. फाइव्ह-डीचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे. सेव्हन-डीचा सेन्सर सुमारे २२ बाय १५ मिलिमीटरचा. क्षेत्रफळ काढले तर पहिला दुसऱ्याच्या अडीच पटीहून थोडा मोठा भरतो. पावसात मोठे पातेले ठेवले तर जास्त पाणी जमते, तसा मोठ्या सेन्सरवर जास्त प्रकाश जमतो. म्हणून कमी उजेडात फाइव्ह-डीचा फोटो स्वच्छ येतो. सेव्हन-डीला १६०० आयएसओवर जो दाणा दिसू लागतो, तेवढा दाणा फाइव्ह-डीवर ३२०० ओलांडल्यावर दिसतो.

सेव्हन-डीची ताकद वेगळी आहे. तो सेकंदाला ८ फोटो घेतो, फाइव्ह-डी ३.९. नेम धरण्यासाठी सेव्हन-डीत १९ फोकस बिंदू आहेत आणि ते सर्वच्या सर्व आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारे आहेत. फाइव्ह-डीत दिसणारे बिंदू ९, आणि त्यातला फक्त मधला या पक्क्या जातीचा. कडेचे बिंदू मंद उजेडात चाचपडतात. शिवाय सेव्हन-डीला स्वतःचा छोटा फ्लॅश आहे आणि त्याच्या इशाऱ्यावर दूर ठेवलेले कॅननचे मोठे फ्लॅश बिनतारी पेटवता येतात. फाइव्ह-डीत अंगचा फ्लॅश मुळीच नाही.

मेगापिक्सेलचा फरक मात्र मनावर घेऊ नये. फाइव्ह-डी २१ चा, सेव्हन-डी १८ चा. लग्नाच्या अल्बमचे १२ बाय १८ इंची पान दोन्हींच्या फोटोतून उत्तम छापून निघते. ऑनलाइन विक्रीच्या पानावर तर लांब बाजूला दोन हजार पिक्सेल बहुतेक ठिकाणी पुरतात, आणि या दोन्ही कॅमेऱ्यांत ते पाच हजारांच्या वर आहेत.

दोन प्रश्न स्वतःला विचारा

कॅमेरा निवडताना दुकानदाराला विचारण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला : मी ज्याचा फोटो काढणार ते हलते की स्थिर असते? दुसरा : प्रकाश माझ्या हातात आहे की दुसऱ्याच्या?

वस्तू स्थिर आणि प्रकाश आपल्या हातात, हे काम कारागीर आणि दुकानदाराचे. शाल पळून जात नाही आणि दिवा कुठे ठेवायचा ते आपण ठरवतो. कॅमेरा तिपाईवर ठेवायचा, आयएसओ १००, छिद्र एफ ८ च्या आसपास, आणि सावकाश फोटो घ्यायचा. अशा फोटोत फाइव्ह-डी आणि सेव्हन-डीमधला फरक अनुभवी डोळ्यालाही ओळखणे कठीण जाते. उलट लहान सेन्सरचा येथे एक फायदाच होतो. तीच चौकट आणि तेच छिद्र ठेवले तर सेव्हन-डीत वस्तूचा पुढून मागेपर्यंतचा जास्त भाग स्पष्ट येतो. सतारीचा भोपळा आणि खुंट्या दोन्ही एकाच फोटोत स्पष्ट हव्या असतील तर हे उपयोगी पडते. तेव्हा मालाच्या फोटोसाठी मोठ्या सेन्सरचे जास्तीचे पैसे देण्याचे कारण नाही. ते पैसे तिपाई, दिवे आणि मॅक्रो लेन्सवर घालावेत.

वस्तू जवळपास स्थिर पण प्रकाश दुसऱ्याच्या हातात, हे निकाह, मंगनी, सत्कार अशा कार्यक्रमांचे काम. मंगल कार्यालयात पिवळे दिवे, बल्बच्या माळा, मंडपात अर्धा अंधार. माणसे बसलेली किंवा उभी असतात. येथे फाइव्ह-डी उजवा ठरतो. मधला फोकस बिंदू चेहऱ्यावर धरून फोटो घेण्याची सवय करावी लागते, पण दाणा कमी आणि त्वचेचा रंग चांगला येतो.

वस्तू हलती आणि प्रकाश चांगला, म्हणजे कबड्डी, क्रिकेट, कुस्ती, शाळेचे क्रीडासंमेलन किंवा दिवसाची मिरवणूक. येथे सेव्हन-डीचे काम. त्याच्या लहान सेन्सरमुळे लेन्सची पोच १.६ पट वाढल्यासारखी होते. २०० मिलिमीटरची लेन्स ३२० ची असल्यासारखे दृश्य देते. मैदानाच्या कडेला उभे राहणाऱ्याला ही मोठीच बचत आहे.

वस्तू हलती आणि अंधारही असेल, उदाहरणार्थ रात्रीची वरात, तर दोन्ही कॅमेरे तोकडे पडतात. तेथे वेगळा फ्लॅश घ्यावाच लागतो. फक्त कॅमेरा बदलून हे दुखणे जात नाही.

लेन्सचा हिशेब आधी

अनेकजण सगळे भांडवल बॉडीवर घालतात आणि हाताला येईल ती लेन्स लावतात. धंद्याच्या दृष्टीने हे उलटे आहे. बॉडी जुनी होते, लेन्स वर्षानुवर्षे चालते. येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. कॅननच्या ईएफ लेन्सेस दोन्ही कॅमेऱ्यांना बसतात. पण ईएफ-एस जातीच्या लेन्सेस फक्त सेव्हन-डीला बसतात, फाइव्ह-डीला बसतच नाहीत. घरात जुन्या छोट्या कॅननच्या ईएफ-एस लेन्सेस असतील आणि आपण फाइव्ह-डी घेतला, तर त्या सर्व निकामी ठरतील.

कमी भांडवलात दोन्हींसाठी उत्तम म्हणजे ५० मिलिमीटर एफ १.८ ही ईएफ लेन्स. फाइव्ह-डीवर ती डोळ्याला दिसते तसे सहज दृश्य देते. सेव्हन-डीवर तिचे दृश्य ८० मिलिमीटरसारखे होते, म्हणजे एकट्या माणसाच्या फोटोला छान, पण अरुंद खोलीत सगळे कुटुंब मावत नाही. जरीचे काम, दागिने, नक्षी यांच्यासाठी सेव्हन-डीला ईएफ-एस ६० मिलिमीटर मॅक्रो आणि फाइव्ह-डीला ईएफ १०० मिलिमीटर मॅक्रो पाहावी.

रंग खरा हवा

कापडाच्या व्यापाऱ्याला सर्वात मोठा फटका रंगाने बसतो. फोटोत मरून दिसलेली शाल घरी पोचल्यावर विटकरी निघाली की माल परत येतो, जाण्यायेण्याचे भाडे अंगावर पडते आणि गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच. दोन्ही कॅमेऱ्यांत यावर एकच उपाय आहे. फोटो घेण्याच्या जागी त्याच दिव्याखाली पांढरा कागद किंवा राखाडी कार्ड ठेवून त्याचा फोटो घ्यावा आणि कॅमेऱ्यात ‘कस्टम व्हाइट बॅलन्स’ बसवावा. खोलीत एकाच जातीचे दिवे असावेत. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र केले तर कोणताही कॅमेरा रंग बरोबर देणार नाही. तांबे, पितळ, रेशीम अशा चमकणाऱ्या मालावर उघडा दिवा टाकू नये. मध्ये पांढरे पातळ कापड ताणावे, म्हणजे पांढरे डाग पडत नाहीत.

नंतर संगणकावर रंग भडक करण्याचा मोह टाळावा. माल आहे तसा दाखवणे हेच शेवटी फायद्याचे असते. कारण फोटोने एकदाच विक्री होते, भरवशाने पुन्हा पुन्हा होते.

व्हिडिओबद्दल सावधान

व्हिडिओमुळे फाइव्ह-डी जगभर गाजला. ‘हाउस’ या अमेरिकन मालिकेचा मे २०१० मध्ये प्रसारित झालेला एक भाग याच कॅमेऱ्यावर चित्रित झाला होता. तरीही लग्नाच्या व्हिडिओसाठी दोन्हींपैकी काही घेणार असाल तर दोन अडचणी जाणून घ्या. व्हिडिओ चालू असताना हलत्या माणसामागे फोकस आपोआप धावत नाही, तो हाताने सांभाळावा लागतो. आणि पूर्ण दर्जाचे चित्रण सुमारे १२ मिनिटांनी बंद पडते, कारण एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे. पुन्हा बटण दाबावे लागते. निकाहचा खुतबा चालू असताना चित्रण मध्येच थांबले आणि ते लक्षातच आले नाही, तर तो क्षण परत मिळत नाही. दुसरा कॅमेरा किंवा मोबाइल शेजारी चालू ठेवावाच.

जुना माल तपासण्याची रीत

शटर किती वेळा चालला हे आधी विचारावे. ही संख्या या कॅमेऱ्यांच्या फोटोत लिहिलेली नसते. कॅमेरा तारेने संगणकाला जोडून त्यासाठीच्या सॉफ्टवेअरने ती वाचतात. समजा नव्वद हजार झाले आहेत, तर हिशेबी आयुष्य साठ हजारांचे उरले. एका लग्नात दीड हजार फोटो घेणाऱ्याला ते चाळीस लग्ने पुरेल. आठवड्याला मालाचे दोनशे फोटो घेणाऱ्या दुकानदाराला साधारण पाच-सहा वर्षे पुरेल. म्हणजे तोच कॅमेरा एकाला महाग आणि दुसऱ्याला स्वस्त पडतो. ही संख्या हमी नव्हे, अंदाज आहे, हेही विसरू नये.

दुसरे, कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून पाहावे. कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड वाकडे घुसवल्यास आतल्या बारीक पिना वाकतात. तिसरे, छिद्र एफ १६ करून पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण ओरखडा जात नाही. चौथे, लेन्स उजेडाकडे धरून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी समजावी. कोकण, मुंबईच्या दमट हवेत हा रोग फार. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नये. पाचवे, पावतीवरचा नंबर आणि कॅमेऱ्याच्या तळाचा नंबर जुळवून पाहावा. बिनपावतीचा माल चोरीचा निघाला तर पैसाही जातो आणि अब्रूही.

इतक्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग कंपनीकडे मिळतील या भरवशावर राहू नये. गावातला दुरुस्ती करणारा कारागीर कोण, हे आधी शोधून ठेवावे.

शेवटचा सल्ला

महिन्यात दहा-बारा वस्तूंचे फोटो हवे असतील आणि मोबाइलने भागत असेल, तर खुशाल मोबाइलच वापरावा आणि चांगले दिवे घ्यावेत. मालाचे फोटो रोजचे काम असेल तर सेव्हन-डी पुरेसा आहे. मंद उजेडातील लग्नसमारंभ ही रोजी असेल तर फाइव्ह-डी घ्यावा. आणि घेण्याआधी एक दिवस भाड्याने आणून आपल्याच दुकानात, आपल्याच मालावर किंवा एखाद्या नातेवाइकाच्या समारंभात वापरून पाहावा. एका दिवसाच्या भाड्यात कष्टाचे भांडवल वाचते.